डोंगर आणि ओढा जोडताना या चुका टाळा

नाशिकच्या आसपास झाडं लावणारे हात पुष्कळ आहेत. पण लागवड डोंगरावर होते आणि ओढा जेसीबीच्या हवाली केला जातो. ब्रह्मगिरीवरचं पाणी ओहळांतूनच गोदावरीत उतरतं, तेव्हा ही फारकत परवडणारी नाही.

सगळ्यात महागात पडतं ते ओढ्याचं खोलीकरण. तळ सरळ केला की डोह जातात, काठ धरून ठेवणारी शेरणी आणि वाळुंज ही झाडं मुळासकट निघतात, पाणी सुसाट वाहून जातं आणि काठ ढासळत राहतात. हे होऊन गेलं असेल तर घाईनं रोपं लावू नका, पहिलाच पूर ती घेऊन जाईल. पात्रात मोठे दगड टाकून वेग मोडा. मात्र धार ढासळत्या काठावर वळता कामा नये. एक पावसाळा गाळ कुठे बसतो ते पाहा आणि तिथे वाळुंज, निर्गुडीच्या फांद्या खोचा. उंबर, करंज, जांभूळ वरच्या काठाला.

रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या मोरीकडे तर कुणाचं लक्षच नसतं. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघतात आणि पाइपाचं तोंड तळापासून हातभर उंच असलं की तिथेच अडकतात. मोरी बदलणं शक्य नसेल तर तोंडाखाली दगडांचा लांब, सावकाश चढणारा उतार रचा; पाणी पाइपाला टेकलं पाहिजे. नवी मोरी घालताना पाइपाचा तळ ओढ्याच्या तळाखाली गाडायला सांगा.

घाणेरी, म्हणजे सगळीकडे माजणारी टणटणी, वरून छाटली तर दुप्पट जोमानं फुटते. खोड जिथे मुळाला मिळतं त्या मानेखाली तोडून झुडूप उलटं ठेवा. ओढ्याकाठची सगळी एकदम काढू नका, नाहीतर उघडी माती पहिल्या सरीला वाहून जाते. थोडी काढा, तिथे मारवेल, पवन्या ही गवतं रुजू द्या, मग पुढे सरका.

अंजनेरीसारख्या पठारावर खड्डे खणूच नका. ते गवत आणि कातळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. अंजनेरीचं कंदीलपुष्प अशाच उघड्यावर वाढतं. भरभर वाढतं म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड तर मुळीच नको.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा, गवत वाळताच काढा. आणि चराईबंदी गावाशी बोलूनच करा: गुरांना पाण्यावर उतरायला एक पक्की वाट मोकळी ठेवली नाही, तर कुंपण मोडणारच.