किराण्यावर कॅशबॅक पडत नव्हता, शेवटी असा सुटला

क्रेडिट कार्डावर किराण्याला ५ टक्के कॅशबॅक लिहिलंय, पण टिळकवाडीतल्या एका दुकानातनं महिन्याचं सामान भरलं की स्टेटमेंटला १ टक्काच पडायचा. कस्टमर केअरला फोन झाले, बिलाचे फोटो पाठवून झाले, डोस्कं फिरायची पाळी आली.

गोम अशी की बँकेला बिलातले तांदूळ-डाळ दिसतच नाहीत, तिला दिसतो फक्त दुकानाचा चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड. किराणा नि सुपरमार्केटचा ५४११, डिपार्टमेंट स्टोअरचा ५३११. आणि तो आपली बँक लावत नाही, दुकानदाराची बँक लावते, म्हणून आपल्या बँकेशी कितीपण भांडा, उपयोग नाही.

आधी कार्डाच्या अटींत कुठले कोड चालतात ते बघा, यूपीआयनं केलेला खर्च धरतात का तेपण (बरीच कार्डं धरत नाहीत). मग दुकानातला क्यूआर पेमेंट ॲपनं नाही, साध्या क्यूआर रीडरनं स्कॅन करा, लांबलचक ओळ येते, त्यात ‘एमसी’च्या इंग्रजी अक्षरांपुढं कोड असतो. माझ्याकडं ५३११ निघाला. स्क्रीनशॉट दुकानदाराला दाखवला, माल सगळा किराण्याचाच, त्यानं त्याच्या बँकेकडं अर्ज देऊन ५४११ करून घेतला, स्वाइप मशीनचापण, कारण दोन्हीचे कोड वेगळे असू शकतात. पुढच्या स्टेटमेंटला ५ टक्के पडले. मागचे गेले ते गेलेच.