न्यूट्रल सुटला तेव्हा

डीबीच्या (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीच्या) कामात नवीन आलेला प्रत्येक जण फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरला घाबरतो, आणि घाबरायलाच हवं. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरची मात्र कुणाला भीती वाटत नाही. मलाही वाटत नव्हती.

हेल्पर म्हणून दुसरं वर्ष चालू होतं. थ्री फेज सप्लाय असलेल्या घरात एक जादा सर्किट काढायचं होतं. घरात माणसं होती, टीव्ही चालू होता, म्हणून मेन बंद करायला जीव होईना. ज्या एमसीबीवर (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) काम होतं तेवढी खाली केली. टेस्टर लावला, पेटला नाही. न्यूट्रल लिंकवर, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडतात त्या पट्टीवर, नव्या वायरला भोक मोकळं नव्हतं, तेव्हा मेनकडून येणारा जाड न्यूट्रल एक भोक पुढे सरकवू म्हटलं आणि त्याचा स्क्रू सैल केला. वायर बाहेर येताक्षणी हॉलमधला दिवा डोळे दिपतील असा पेटला, टीव्हीतून फट् असा आवाज आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. टीव्ही गेला, फ्रिजची पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड) गेली. त्या घरातल्या आजी काही न बोलता दारात उभ्या होत्या, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

झालं काय ते नीट समजून घ्या, कारण हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं. न्यूट्रल जागेवर असतो तोवर प्रत्येक फेजच्या लोडला (त्यावर चालणाऱ्या उपकरणांना) २३० व्होल्ट मिळतात. तो सुटला की दोन फेजवरचे लोड एकमेकांशी सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक येतात आणि त्यांच्यावर मिळून दोन फेजमधले ४०० व्होल्ट पडतात. वाटणी सारखी होत नाही, जिकडे लोड कमी तिकडे व्होल्टेज जास्त. समजा एका फेजवर २००० वॅटचा गीझर आहे, दुसऱ्यावर १०० वॅटचं उपकरण आहे आणि तिसरी रिकामी आहे. गीझरचा रोध साधारण २६ ओहम, छोट्या उपकरणाचा ५२९. हिशोब केलात तर गीझरला जेमतेम १९ व्होल्ट उरतात आणि त्या बिचाऱ्या उपकरणावर ३८० च्या आसपास येतात. त्याच वेळी न्यूट्रल लिंकच्या पट्टीवर अर्थच्या (जमिनीच्या) मानाने २०० च्या वर व्होल्टेज असतं. ज्या पट्टीला आपण बिनधास्त हात लावतो ती हीच.

आणि एमसीबी पडत नाही. करंट तिच्या मर्यादेबाहेर गेलेला नसतो, मग ती पडणार कशाने? आरसीसीबीही (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) गप्प बसते, कारण गळती झालेली नसते.

सिंगल फेजमध्ये उपकरणं जळत नाहीत, पण चालू लोडचा न्यूट्रल सोडला तर लोडमधून आलेला फेज त्या सुट्या टोकावर उतरतो. दिवा विझलेला दिसतो, माणूस ‘लाइट गेली’ समजून वायर धरतो. म्हणून मेन खाली, सगळ्या एमसीबी खाली, मगच स्क्रूला हात. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या टर्मिनलवर सप्लाय असतोच, तिकडे जाऊ नका. टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग कामाच्या जागी लावा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. तीस सेकंदांचं काम आहे.

‘चालू लाइनवर हात बसला की खरा वायरमन’ असं सांगणाऱ्या उस्तादाकडे मी कुणालाही शिकायला पाठवणार नाही. जो स्वतः मेन बंद करून, कुणी चालू करू नये म्हणून कुलूप लावतो त्याच्या हाताखाली दोन वर्षं फुकट राबावं लागलं तरी राबा. परवाना मिळेपर्यंत एकट्याने डीबी उघडू नका. घाबरून काम सोडायचीही गरज नाही. मला त्या दिवसानंतर महिनाभर स्क्रूड्रायव्हर धरताना हात कापायचे. ते गेलं.

बाकीच्या चुका लवकर कळतात. एमसीबी सारखी पडते म्हणून २.५ चौरस मिमीच्या वायरवर ३२ अँपिअरची बसवणं हा शॉर्टकट नव्हे, ते वायर पेटवणं आहे. टर्मिनलमध्ये वायर दाबणाऱ्या क्लॅम्पच्या मागे गेलेली वायर मात्र फसवते. स्क्रू घट्ट लागतो, वायर नुसती टेकलेली राहते. तिथे ०.१ ओहम जरी रोध आला तरी १६ अँपिअरला २५ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत साठते. प्रत्येक वायर आवळल्यावर ओढून बघा, मेनच्या न्यूट्रलची दोनदा.

सप्लाय परत देताना सगळ्या एमसीबी खालीच ठेवून आधी मेन चढवा. तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा, तिन्ही २३० च्या जवळ आल्या की एकेक एमसीबी वर करत जा आणि प्रत्येक वेळी मीटरकडे बघा.