अंगणातल्या दिव्यांची तीन कोटेशनं जुळत नाहीत? या चुका टाळा

तीन कंत्राटदारांना बोलावलं. तिघांनी अंगणात फेरी मारली, मान डोलावली आणि कोटेशनं पाठवली. सगळ्यात महागडं कोटेशन सगळ्यात स्वस्तच्या दुप्पट! एक जण लुटतोय की दुसरा फसवतोय, असा प्रश्न पडतो. बहुतेकदा दोन्ही नसतं. तिघांनी तीन वेगळ्याच कामांचे भाव दिलेले असतात, कारण नेमकं काम काय ते आपणच सांगितलेलं नसतं.

"तुम्हीच काय ते सुचवा"

सल्ला जरूर घ्या, पण भाव मागण्याआधी. मग एका कागदावर अंगणाचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक दिव्याला क्रमांक द्या आणि तो कशासाठी ते लिहा: पायऱ्या, फाटक, झाड, पायवाट. तोच कागद तिघांना द्या. कुणाला याहून चांगलं सुचलं, तर त्याने आधी कागदाप्रमाणे भाव द्यावा आणि आपली सूचना खाली वेगळी मांडावी.

दिवे वॅटवर मोजणं

"५ वॅटचे १२ दिवे" यावरून वीज किती जळेल ते कळतं, उजेड किती पडेल ते नाही. त्यासाठी लुमेन विचारा. रंगही ठरवून द्या: २७०० ते ३००० केल्विन म्हणजे उबदार पिवळसर, ४००० च्या पुढे पांढरट. आयपी क्रमांकाने, म्हणजे दिवा धूळ आणि पाणी किती रोखतो ते सांगणाऱ्या आकड्याने, तर किंमत सरळ बदलते. आयपी ६५ पाण्याचा फवारा सोसतो, पण जमिनीत बसवलेल्या दिव्याभोवती पाणी साचतं, तिथे निदान आयपी ६७ हवा. आणि "किंवा तत्सम" हे दोन शब्द कोटेशनमध्ये दिसले की मॉडेल क्रमांक लिहून मागा.

केबलबद्दल काहीच न विचारणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण केबल एकदा पुरली की दिसत नाही. समजा, १२ व्होल्टवर चालणारे एकूण ६० वॅटचे दिवे ट्रान्सफॉर्मरपासून (घरची वीज १२ व्होल्टवर उतरवणाऱ्या डब्यापासून) ३० मीटरवर आहेत. ते ५ अँपिअर ओढतात. केबल २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर जाऊन-येऊन ६० मीटर तारेत सुमारे २.२ व्होल्ट वाटेतच जातात. दिव्यांना मिळतात जेमतेम ९.८. साधे दिवे मंद होतात, काही एलईडी लुकलुकतात. तेच काम २४ व्होल्टवर केलं तर प्रवाह निम्मा होतो आणि घट १.१ व्होल्टवर येते.

म्हणजे बारीक केबल धरणाऱ्याचं कोटेशन स्वस्त दिसणारच. केबलची जाडी, लांबी, चराची खोली, पाइपातून नेणार की कसं, जोड कुठे आणि ते पाण्यापासून कसे वाचवणार, हे सगळं लिहून घ्या. फरशी उचलावी लागली तर परत कोण बसवणार, हेसुद्धा. भांडणं दिव्यांवरून कमी आणि फुटक्या फरशीवरून जास्त होतात!

टायमर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग धरलंय का, हे एका ओळीत विचारून घ्या.

कोटेशनं आधीच हातात असतील तर

नव्याने मागवायची गरज नाही. ठोक रकमेचे तुकडे करून मागा: दिवे, केबल, खोदकाम, मजुरी. खोदकामाचा भाव मीटरला किती, एक दिवा वाढला तर किती, हेही विचारा. मग तक्ता करा. एखाद्याने एखादी बाब धरलीच नसेल, तर तिथे शून्य न लिहिता इतर दोघांपैकी महागड्याचा भाव टाका आणि बेरीज पुन्हा करा. "स्वस्त" कोटेशन पुष्कळदा इथेच मागे पडतं. कुणी तुकडे द्यायलाच तयार नसेल, तर त्याला मी तक्त्यातून वगळेन.

वॉरंटीचे दोन भाग असतात. दिवा कंपनी बदलून देईल, पण तो काढण्या-बसवण्याची मजुरी कुणाची? आणि शेवटचा हप्ता अंधार पडल्यावर, सगळे दिवे लावून त्यांचे कोन जुळवून घेतल्यानंतरच द्यायचा, ही अट तिघांच्याही कागदावर सारखीच असू द्या.