फिनलंडला फॉरेस्ट्री शिकायला येताय? आधी हे वाचा

दापोलीला बीएस्सी फॉरेस्ट्री करून मी मास्टर्सला फिनलंडमध्ये योएन्सूला आलो तेव्हा डोक्यात एकच गणित होतं, थंड देश आहे, गरम झाला की झाडं भराभर वाढणार, संपला विषय. अर्धं खरंय ते. वाढीचा हंगाम मुळात छोटा, बर्फ लवकर वितळला की तो लांबतो, माती ऊबदार झाली की कुजणं वाढून नायट्रोजन जास्त सुटतो, आणि इथल्या जंगलाला खरी भूक त्याचीच असते.

थिसिससाठी पाइनच्या खोडात बोअरर (हाताने फिरवायचं पोकळ ड्रिल) फिरवून लाकडाचे बारीक कोअर काढले, वर्षाला एक पडणारी वलयं मोजली. वलय रुंद म्हणजे त्या वर्षी वाढ जास्त. एका प्लॉटमध्ये ती अचानक रुंद झालेली, मी खूश, लगेच जोडली तापमानाच्या ग्राफला. गाइडने एवढंच विचारलं, "तिथे विरळणी कधी झाली होती?" झाली होती ना, बरोब्बर त्याच्या आदल्या वर्षी! शेजारची झाडं तोडल्यावर उरलेल्यांना ऊन-पाणी जास्त मिळालं होतं, बाकी काही नाही. दोन महिने पाण्यात. म्हणून सांगतो, प्लॉटच्या तोडणीचा इतिहास आधी मागा, बोअरर मग उचला.

आणि दुसरी गोष्ट, जी कोकणातल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही, ती म्हणजे गोठलेली जमीन. दलदलीच्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीवर झाडं तोडणारं अवजड मशीन, हार्वेस्टर, जातं तो जमीन गोठलेली असते म्हणून, हिवाळा कोमट गेला की मशीन रुततं, मुळं चिरडतात, काम अडतं. शिवाय गोठलेली माती मुळं धरून ठेवते, ती मऊ राहिली आणि वादळ आलं की उथळ मुळांचा स्प्रूस (इथलं एक सूचीपर्णी झाड) आडवा. पडलेल्या स्प्रूसच्या सालीखाली बार्क बीटल (साल पोखरणारा भुंगा) वाढतो, उन्हाळा कडक असेल तर एकाच वर्षात दुसरी पिढी, मग दुष्काळाने दमलेली उभी झाडंही जातात. त्यामुळे शाश्वत वनव्यवस्थापन म्हणजे तोडली तेवढी लावा एवढंच नाही, पडलेलं लाकूड वेळेत बाहेर काढणं आणि स्प्रूसमध्ये बर्चसारखी रुंद पानांची झाडं मिसळणं पण त्यातच आलं.

बाकी, २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना इंग्रजी मास्टर्सला फी आहे, स्कॉलरशिपचं आधी बघा. आर (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आणि स्टॅटिस्टिक्स घरूनच शिकून या. वलयांचा नाद लागलाय का हे तपासायचं असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय, त्यांचे पेपर वाचा. आणि जूनमध्ये फील्डला जाताना डासांची जाळी, प्लीज. दापोलीचे डास परवडले.