महायुद्धाचं पुस्तक मागून उघडा

"दुसऱ्या महायुद्धावर एकच चांगलं पुस्तक सांगा ना." गिरगावातल्या आमच्या वाचनालयात पुस्तक-निवडीचं काम मी अठरा वर्षं करतेय आणि महिन्यातून एकदा तरी कुणीतरी काउंटरवर हे विचारतंच. विचारणाऱ्याला तोवर तीन सल्ले मिळालेले असतात: सगळ्यात जाड असेल ते घ्या, आधी हिटलरचं चरित्र वाचा, नाहीतर नेटवरच्या 'टॉप टेन' यादीतलं पहिलं उचला. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. पुस्तक जाड असलं म्हणजे त्यात सगळं जग आलं असं होत नाही. हिटलरच्या चरित्रात चीन आणि ब्रह्मदेश जेमतेम येतात. आणि त्या याद्या करणारे बहुतेक लोक ब्रिटन-अमेरिकेतले असतात. त्यांच्या घरातली माणसं नॉर्मंडीला लढलेली असतात, म्हणून त्यांच्या आवडीची पुस्तकंही तिथलीच. आपल्याकडची माणसं एरिट्रियातल्या केरेनला, इटलीत, नागालँडच्या कोहिमाला लढली. आपल्याला पुस्तक स्वतःच पारखून घ्यावं लागतं. दुकानात उभ्या उभ्या वीस मिनिटांत ते जमतं.

सोपं आधी उरकते. एका खंडातला इतिहास घ्या, सहाशे ते नऊशे पानांचा. एका लढाईवरचं, एका सेनापतीवरचं किंवा नुसतं रणगाड्यांवरचं पुस्तक पहिल्यांदा नको. मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका, तो विकण्यासाठीच लिहिलेला असतो. पहिलं प्रकरणही वाचू नका. लेखकाने सगळ्यात जास्त हात त्यावरूनच फिरवलेला असतो, त्यामुळे ते बहुतेक पुस्तकांत छानच असतं.

मग प्रकाशनाचं वर्ष. इथे पुनर्मुद्रणाची तारीख बघून फसू नका, मूळ लेखन कधीचं ते शोधा. नवं कोरं मुखपृष्ठ लावलेलं पुस्तक 1965 चं असू शकतं. याचं महत्त्व का, तर ब्रिटिशांनी जर्मनांचे एनिग्मा यंत्रावरचे सांकेतिक संदेश फोडले होते ही गोष्ट 1974 पर्यंत लोकांपुढे आलीच नव्हती. त्याआधीच्या पुस्तकांत अटलांटिकमधली पाणबुड्यांची लढाई अर्धीच कळते. कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल आपणच केली हे सोव्हिएत संघाने 1990 मध्ये कबूल केलं, आणि तिथली दप्तरं इतिहासकारांना मोठ्या प्रमाणावर उघडी झाली ती 1991 नंतर. त्याआधी पूर्व आघाडीचा इतिहास पश्चिमेत बराचसा जर्मन सेनापतींच्या आठवणींवर उभा होता, आणि त्या आठवणींत चूक नेहमी हिटलरची, स्वतःची कधीच नाही. म्हणून मूळ लेखन 1995 नंतरचं असलेलंच घ्या. जुनी पुस्तकं वाईट असतात असं नाही, पण पहिलं पुस्तक म्हणून ती नकोत.

आता खरं काम. पुस्तक मागून उघडा.

शेवटी शब्दसूची असते, इंडेक्स. सुरुवातीची अनुक्रमणिका नव्हे. तिच्यात प्रकरणांची भारदस्त नावं असतात आणि त्यावरून काहीच कळत नाही. लेखकाने कशाला किती जागा दिली, हे शब्दसूचीत दिसतं.

हे मला एका पुस्तकाने शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत मी वाचनालयासाठी एक देखणं, साडेआठशे पानांचं पुस्तक निवडलं. शब्दसूचीत बंगालचा दुष्काळ होता, तेवढं बघून मी खूश झाले. घरी आणून ते पान काढलं. लिनलिथगो जाऊन वेव्हेल व्हाइसरॉय झाले, असं एक वाक्य होतं, आणि त्यात दुष्काळ विशेषणासारखा येऊन गेला होता. वीस ते तीस लाख माणसं मेली आणि त्यांच्या वाट्याला वाक्यसुद्धा नाही, वाक्याचा तुकडा. त्या वर्षी पुस्तकांसाठी आमच्याकडे फार थोडे पैसे होते. ते पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे आणि कुणी मागितलं तर मी आधी ही गोष्ट सांगते.

तेव्हा शब्द सूचीत आहे का, एवढं बघणं पुरेसं नाही. पानांचे आकडे कसे दिलेत ते बघा. 212, 348, 590 असे सुटे आकडे म्हणजे जाता जाता उल्लेख. 412 ते 419 अशी सलग पानं म्हणजे लेखक तिथे थांबलाय. आणि मग त्यातलं एक पान उघडून उभ्यानेच वाचा. हे वाचणं सोडलंत तर माझ्यासारखेच फसाल. विक्रेता बघत असेल तर बघू दे.

मी पाच शब्द शोधते, नेहमी तेच.

पहिला बंगालचा दुष्काळ. त्या पानावर मला कारणं हवी असतात, आणि एकाहून जास्त. 1942 मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिथला तांदूळ बंद झाला. जपानी आले तर त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या होड्या काढून घेतल्या. ऑक्टोबर 1942 मध्ये मिदनापूरला चक्रीवादळ आलं. युद्धखर्चामुळे भाव कडाडले. आणि धान्य आणायला पुरेशी जहाजं देण्याची लंडनची तयारी नव्हती. यातल्या कशाला किती वजन द्यायचं यावर इतिहासकारांचे वाद आहेत. चांगलं पुस्तक तो वाद तुमच्यापुढे मांडतं, वाईट पुस्तक 'दुष्काळ पडला' म्हणून पुढे जातं.

दुसरा कोहिमा. 1944 च्या वसंतात इंफाळ-कोहिमाला जपानी भूसैन्याचा तोवरचा सगळ्यात मोठा पराभव झाला. तिथे लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्यात बहुसंख्य सैनिक भारतीय होते, आणि समोरच्या बाजूला जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेचेही सैनिक होते. या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात, राग-लोभ न धरता सांगितलेल्या आहेत का, ते बघा. नुसत्या ब्रिटिश सेनापतींची नावं असतील तर पुस्तक परत ठेवा.

तिसरा चीन. युद्ध 1 सप्टेंबर 1939 ला पोलंडमध्ये सुरू झालं, हे शाळेत पाठ केलेलं. पण जपान आणि चीनमध्ये जुलै 1937 पासूनच उघड युद्ध चालू होतं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नानजिंगची कत्तल झाली. ज्या पुस्तकात चीन थेट पर्ल हार्बरनंतर उगवतो, ते पुस्तक जगाच्या युद्धाचं नाही.

चौथा बाग्रेशन. हा शब्द बहुतेकांनी ऐकलेलाच नसतो, म्हणूनच तो कामाचा. 6 जून 1944 ला दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडीला उतरलं. त्यानंतर जेमतेम अडीच आठवड्यांत बेलारूसमध्ये सोव्हिएत सैन्याने या नावाची मोहीम उघडली आणि जर्मनीचा आर्मी ग्रुप सेंटर, म्हणजे त्या आघाडीच्या मधल्या भागातला अनेक आर्मींचा समूह, मोडून काढला. नॉर्मंडीला चाळीस पानं आणि बाग्रेशनला दीड परिच्छेद, असं मी कितीतरी पुस्तकांत पाहिलंय. सोव्हिएत संघाची 2 कोटी 60 लाखांच्या आसपास माणसं या युद्धात गेली. त्या आघाडीला पुस्तकाचा मोठा वाटा मिळालाच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

पाचवा बाबी यार. कीवच्या कडेची ही घळ. 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत तिथे 33,771 ज्यू माणसांना गोळ्या घातल्या. हा आकडा मारणाऱ्यांनीच आपल्या अहवालात लिहून ठेवला. इथे मी एवढंच बघते, की हे पान पुस्तकात कुठे येतं. ज्यूंचा संहार शेवटी वेगळ्या प्रकरणात बांधून ठेवला असेल, तर लढाई एकीकडे आणि हत्याकांड दुसरीकडे, असा वाचणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात सैन्य पुढे जात होतं आणि त्याच्या मागोमाग मारेकरी पथकं येत होती. बाबी यार 1941 च्या मोहिमेतच यायला हवं.

एक गोष्ट मात्र सांभाळा, कारण ही चूक मी दोन-तीन वर्षं करत होते. माझे आजोबा मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते, म्हणजे चढणारा-उतरणारा माल मोजून लिहून ठेवणारे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्या दिवशी त्यांची सुट्टी होती म्हणून ते वाचले. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1400 टन दारूगोळा. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट. आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान गेले. आजोबा हे सांगायचे तेव्हा जहाजाचं नाव घ्यायचे नाहीत, 'ती बोट' म्हणायचे. त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी 'बॉम्बे' शोधायची, आणि गोदीचा स्फोट नसला की पुस्तक नापास. अशी मी चांगली पुस्तकं परत पाठवली. जगभरच्या सहा वर्षांच्या इतिहासात गोदीच्या स्फोटाला जागा मिळेलच असं नाही, आणि माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगेंना इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हेही त्यात सापडणार नाही. त्यासाठी वेगळी पुस्तकं असतात. एकखंडी इतिहासाकडून एवढीच अपेक्षा ठेवा, की इटलीच्या मोहिमेत भारतीय डिव्हिजन होत्या हे त्याला माहीत असावं.

पाचपैकी तीन शब्दांना सलग पानं मिळाली की पुस्तक पुढे तपासायच्या लायकीचं. मग आणखी दोन जागा बघा. पोलंडच्या प्रकरणात घोडेस्वार भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर तुटून पडले, असं छापलं असेल तर ते पुस्तक नको. क्रोयांती या पोलिश गावाजवळ पोलिश घोडदळाने हल्ला केला होता तो पायदळावर, आणि नंतर आलेल्या चिलखती गाड्यांच्या माऱ्यात ते सापडलं, बाकीची दंतकथा. दुसरी जागा ड्रेस्डेन हे जर्मन शहर. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात दोन लाख मेले असं पुस्तक म्हणत असेल, तर लेखकाने नाझी प्रचाराचा आकडा उचललाय. शहरानेच नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने 2010 मध्ये जास्तीत जास्त 25,000 हा आकडा दिला. 2010 च्या आधीच्या पुस्तकात 35,000 दिसले तर चालवून घ्या, दोन लाख चालवू नका.

नकाशे किमान पंधरा हवेत, आणि मजकुरात येणारी गावं त्यांवर सापडली पाहिजेत. एक गाव शोधून बघा.

मराठीतून वाचणार असाल तर शब्दसूचीची अडचण येते, कारण आपल्याकडे अनेक प्रकाशक ती छापतच नाहीत. अनुवादात तर मूळ पुस्तकातली सूची गाळूनच टाकतात. याबद्दल प्रकाशकांकडे तक्रार करायला हवी, मी करते. तोवर माझी दुसरी कसोटी वापरा: 'तुकडी' हा शब्द. मधलं लढाईचं कुठलंही पान उघडा. बटालियन म्हणजे सातशे-आठशे माणसं, डिव्हिजन म्हणजे दहा ते पंधरा हजारांच्या घरात, आणि आर्मी म्हणजे लाखावरही जाते. वाईट अनुवादात या सगळ्यांची 'तुकडी' होते. 'तीन तुकड्यांनी सात तुकड्यांना रोखलं' यातून वाचणाऱ्याने काय समजायचं? ज्या अनुवादकाने बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन हे शब्द तसेच ठेवलेत आणि सुरुवातीला एकदा समजावून सांगितलेत, त्याचं पुस्तक डोळे मिटून घ्या. विशेषनामंही तपासा. एकाच सेनापतीचं नाव तीन पानांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल, तर हस्तलिखित कुणी वाचलेलं नाही.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर वाचनालयातून आणून आठवडाभर वापरा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, काळा घोड्याला डेव्हिड ससून आहे, आणि तुमच्या जवळपास आमच्यासारखं एखादं छोटंही असेल.

फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवरून घेत असाल तर जुनी, वापरलेली प्रत बिनधास्त घ्या. नवी कोरी दिसणारी स्वस्त प्रत घेऊ नका. ती बहुधा चोरून छापलेली असते, नकाशे काळपट राखाडी येतात आणि त्यावरच्या रेषा दिसत नाहीत. माझ्या भाच्याने अशी एक प्रत आणली होती. तिच्यात आख्खा फर्मा गायब, सोळा पानं, आणि नेमकी स्टालिनग्राडची. घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी पुस्तक उजेडात धरा, मधल्या दोनशे पानांचे आकडे अंगठ्याने सोडत बघा, आणि स्टालिनग्राडच्या नकाशावर व्होल्गा नदी दिसते का ते पाहा.