खड्ड्यातलं पाणी आणि काकींचं बल्कांव

गोव्यात रायबंदरला मांडवीच्या काठाजवळ बेसमेंटचं खोदकाम चाललं होतं. दोन मीटरवरच पाणी लागलं. सवयीप्रमाणे कोपऱ्यात खड्डा घेऊन त्यात पंप सोडला. तो दिवसभर ओढायचा, पण भरती आली की पाणी पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाबा, आमच्या बल्कांवला चीर गेलीय, बघ जरा." बल्कांव म्हणजे घरापुढची बसायची पडवी. पोटात गोळाच आला. पंपाचं पाणी बादलीत धरलं, तर तळाशी बोटभर बारीक रेती! पाण्याबरोबर आम्ही जमीनही उपसत होतो.

पंप बंद केला आणि वेलपॉइंट बसवले. खड्ड्याभोवती दर दीड मीटरवर जाळीचे पाइप पाण्याच्या झोताने उतरवले, भोवती गाळणीसाठी जाड रेती भरली आणि सगळे एका हेडरला, म्हणजे सामाईक मोठ्या पाइपला, जोडून व्हॅक्यूम पंप लावला. आधी व्हॅक्यूम धरेचना. शेवटी एका सांध्यातून हवा ओढल्याचा सूं आवाज ऐकू आला. तो घट्ट केल्यावर दोन दिवसांत तळ उघडा पडला. बादलीही स्वच्छ.

आमचं खोदकाम साडेतीन मीटरच होतं. ही पद्धत एका टप्प्यात पाच-सहा मीटरपर्यंतच चालते. त्याखाली खोल बोअर आणि सबमर्सिबल पंप हवेत. रात्री वीज गेली तर? म्हणून जनरेटर तयार ठेवला. राफ्ट, म्हणजे तळाचा काँक्रीटचा सलग पाया, झाल्यावर मालक पंप बंद करायच्या मागे लागले. मी ऐकलं नाही. वर पुरेसं वजन आल्याशिवाय पाणी अख्खं बेसमेंट उचलू शकतं.

चीर वाढतेय का ते कळावं म्हणून काकींच्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवली होती. ती शेवटपर्यंत तडकली नाही. मग चीर भरून दिली, आमच्याच खर्चाने.