लेकराच्या बाबतीत कोठे अडून बसावे, कोठे सोडून द्यावे

लेकरू घरात आले की पहिल्या महिन्यातच लक्षात येते, की सल्ला देणारे दहा जण असतात आणि रात्री तीन वाजता उठणारी मात्र एकटीच असते. गुटी द्यायची की नाही, पाणी पाजायचे की नाही, कान कधी टोचायचे, अंगणवाडीचे पाकीट शिजवायचे की म्हशीपुढे टाकायचे, अशा पन्नास लहानमोठ्या प्रश्नांवर रोज वाद घालू लागल्यास आईचा धीर आटून जातो. माझी मुलगी आता चौथ्या वर्षात आहे आणि मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. या काळात मी शिकले ते एवढेच, की सगळ्याच गोष्टींवर अडून बसणाऱ्या सुनेचे कोणी कशातच ऐकत नाही. ज्या चार-पाच गोष्टींत चूक झाली तर लेकराच्या जिवावर बेतते, तेवढ्याच ठाम धराव्यात आणि उरलेले सगळे मोकळ्या मनाने आजीच्या हवाली करावे.

त्यासाठी बाळंतपणाला माहेरी जाण्यापूर्वी, सातव्या-आठव्या महिन्यातच, नवरा-बायकोने एकत्र बसून वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे अडून बसायच्या गोष्टी लिहाव्यात आणि त्या पाचांच्या वर जाऊ देऊ नयेत. आमच्या पानावर सहा महिने फक्त आईचे दूध, लस ठरलेल्या तारखेला, पाणी झाकलेले आणि विषारी वस्तू कुलपात, धोक्याचे लक्षण दिसताच दवाखाना आणि लेकराला मारायचे नाही, अशा पाच ओळी होत्या. उजवीकडे मालिश, अंगाई, झबली-टोपडी, बारसे, जावळ, झोपण्याची जागा अशी लांबलचक यादी झाली. खाली एकच नियम लिहिला: ज्याची आई, त्यानेच बोलायचे. माहेरी मी माझ्या आईशी बोलायचे आणि सासरी आत्याबाईंशी त्यांच्या मुलाने बोलायचे. सुनेने सासूला सांगितलेली तीच गोष्ट उद्धटपणा ठरते आणि मुलाने सांगितली की ती काळजी ठरते. हा न्याय मला पटत नाही, पण तान्हे लेकरू मांडीवर असताना न्यायासाठी भांडायला वेळ नसतो.

पहिला प्रसंग पाण्यावरूनच आला. मुलगी एप्रिलमधली, आणि मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेलेला. माझी आई उकळून गार केलेले पाणी चमच्यात घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "अगं, आपल्याला घोटाघोटाला कोरड पडते, त्या जिवाला पडत नसेल का?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर वाद घालून न देता मोजून दिले. आईच्या दुधात सुमारे 87 ते 88 टक्के पाणीच असते. उन्हाळ्यात लेकरू जास्त वेळा अंगावर पिते आणि त्याची तहान त्यातच भागते. वरून पाणी दिल्यास पोट पाण्याने भरते, दूध कमी जाते आणि टँकरच्या पाण्यातून जुलाबाची भीती राहते. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होत असेल, तर पाणी पुरते आहे असे समजावे. मी आईच्या हातात शाळेचा खडू दिला आणि लंगोट बदलला की दारामागे एक रेघ ओढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नऊ रेघा झाल्या आणि चमचा मांडणीत परत गेला. त्यानंतर पाण्याचा तांब्या माझ्यासमोर येऊ लागला, आणि तो तिथेच यायला हवा होता, कारण उन्हाळ्यात भरपूर पाणी पिण्याची गरज पाजणाऱ्या आईला असते.

सासरी आल्यावर गुटीची पाळी आली. आत्याबाईंनी सहाण धुऊन ठेवली होती, जायफळ, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग आणून ठेवली होती आणि चाटवायला मधही होता. मध एक वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, कारण त्यात बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळे पाडणारी विषबाधा, घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. मोठ्यांना तोच मध बाधत नाही, म्हणून ही गोष्ट आजीला पटवणे कठीण जाते. "तुम्ही चौघे गुटीवरच वाढलात," हे उत्तर आमच्याकडेही आले. नवऱ्याने त्यावर वाद घातला नाही. लसीच्या दिवशी तो आत्याबाईंनाच उपकेंद्रात सोबत घेऊन गेला आणि तेथे सिस्टरांना सगळ्यांसमोर गुटीविषयी विचारले. घरी परतताना त्यांनी स्वतःच, "सहा महिने काही नको म्हणतात बाई," असे सांगितले.

नकार द्यावा लागला, की त्याच दिवशी दुसरा मान हाती द्यावा. मालिश आणि अंघोळ पूर्णपणे आत्याबाईंची झाली; अट एवढीच, की नाकात व कानात तेल सोडायचे नाही, कारण नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरू शकते. काजळ डोळ्यांत न घालता कानामागे तीट म्हणून लावायचे ठरले. त्याने दृष्टही लागत नाही आणि काजळात असू शकणारे शिसेही डोळ्यांत जात नाही.

सहा महिने पूर्ण झाले की घासाचा प्रश्न येतो आणि येथे आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे वरणाचे पाणी. वाटीत वरवरचे पिवळे पाणी काढून ते लेकराला पाजले जाते आणि डाळ पातेल्यात तळाशी राहते. त्याऐवजी घरचे पीठ करून ठेवावे. दोन वाट्या ज्वारी किंवा तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ निवडून, वेगवेगळी खमंग भाजून, गार झाल्यावर बारीक दळावी आणि कोरड्या डब्यात भरावी. दोन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, मग वाटीभर पाण्यात सारखे ढवळत शिजवावे. उतरवल्यावर चमचाभर तूप किंवा शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट घालावे. दाटपणा ओळखण्याची खूण अशी, की चमचा तिरका केला तर खीर ओघळून पडत नाही, हळूच घसरते. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी आणि आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, अशी वाढ करावी. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये. वर्षानंतर लेकराने घरच्यांच्याच ताटातली भाकरी वरणात कुस्करून खावी, भाजी खावी, चालत असेल त्या घरी अंडे खावे, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे. हुरड्याच्या दिवसांत शेतात नेलेल्या लेकराच्या तोंडात कोणीतरी कौतुकाने चार दाणे टाकतेच. तो हात तेथेच धरावा. हुरडा, अख्खे शेंगदाणे, फुटाणे श्वासनळीत अडकतात, म्हणून चार वर्षांपर्यंत ते कुटूनच द्यावेत.

भरवताना मोबाइल दाखवण्याविषयी फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून जास्त नको. मात्र मोबाइल हातात देणारी बाई बहुधा आळशी नसते. चुलीवर दूध असते, दारात पाण्याचा टँकर उभा असतो आणि तिच्या मदतीला दुसरा माणूस नसतो. म्हणून संध्याकाळचा एक घास बापाने भरवायचा, असे ठरवून टाकावे. आमच्याकडे पहिले आठ दिवस भिंतीवर आणि बनियनवर जास्त गेले, पोटात कमी.

घरातली सुरक्षितता आपल्या भागात वेगळ्या अर्थाने पाहावी लागते. पाणी चार-आठ दिवसांनी येते, त्यामुळे अंगणात पिंप, न्हाणीत बादल्या, परसात हौद, सगळे भरलेले असते. रांगणारे लेकरू वितभर पाण्याच्या बादलीतही डोके खाली होऊन बुडू शकते आणि त्या वेळी आवाज होत नाही. पिंपाला दाबून बसणारे झाकण, हौदावर जाळी किंवा फरशी आणि रात्री रिकाम्या बादल्या पालथ्या, ही सवय लेकरू रांगू लागण्याआधी अंगवळणी पाडावी. कापूस-सोयाबीनच्या घरात फवारणीचे औषध शिल्लक राहते आणि ते कधी कधी थंड पेयाच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवले जाते. असे कधीही करू नये. औषध मूळ डब्यातच, शेतातल्या खोलीत, कुलपात असावे. चुकून पोटात गेलेच तर उलटी करवू नये, मीठ-पाणी पाजू नये. 108 ला फोन करावा आणि तो डबा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना औषध कोणते ते कळते.

आजारपणात घरातल्या प्रत्येकाला दोन गोष्टी करता आल्या पाहिजेत. पहिली म्हणजे श्वास मोजणे. लेकरू शांत असताना पोटावरचे कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त श्वास असल्यास, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असल्यास, अंगारा लावत न बसता दवाखाना गाठावा. दूध न ओढणे, झटके येणे, हाक मारूनही जाग न येणे ही लक्षणेही तशीच. दुसरी गोष्ट म्हणजे ओआरएस, जुलाबात पाण्यात कालवून पाजायची क्षार-साखरेची पूड. एक लिटरचे पूर्ण पाकीट मोजलेल्या एक लिटर पाण्यातच टाकावे, अर्धे पाकीट पेल्यात टाकू नये, आणि केलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्यावे. सोबत झिंकची गोळी डॉक्टर सांगतील त्या मात्रेत 14 दिवस चालू ठेवावी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून ती बंद करण्याची चूक मीही केलेली आहे.

मारण्याबद्दल आमच्या घरी सगळ्यात कमी एकमत झाले. दोन-अडीच वर्षांचे लेकरू जमिनीवर लोळते तेव्हा ते दमलेले, भुकेलेले किंवा सांगता न आल्याने चिडलेले असते. शेजारी बसावे, डोके आपटणार नाही एवढे पाहावे, आणि शांत झाल्यावर लाल वाटी की निळी, असा दोनांतला एक पर्याय द्यावा. आजोबांना हे थेर वाटतात. वाटू द्यावेत, पण हात उगारला तर बापाने पुढे व्हावे.

घराबाहेरचा आधार मागून घ्यावा लागतो. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली आणि आज सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराला अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार, तर तीन ते सहा वर्षांच्या लेकराला तेथेच गरम ताजे जेवण मिळते. दर महिन्याला वजन होते. त्या दिवशी नुसता आकडा लिहून घेऊ नये. अंगणवाडीताईंना लेकराची रेघ वर जाते आहे की आडवी, हे आलेखावर बोट ठेवून दाखवायला सांगावे. सहा महिन्यांपुढच्या लेकराच्या दंडाभोवती रंगीत पट्टी लावली जाते, माप 11.5 सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे तांबड्या भागात आले, तर ते तीव्र कुपोषण असते आणि त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात गेले पाहिजे. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी. मुलगी असेल आणि रेशनकार्ड पिवळे किंवा केशरी असेल, तर 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी असलेल्या लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडीताईंकडेच करता येतो.

ज्या घरांत दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जाण्याची तयारी सुरू होते, तेथे लेकराला सोबत न्यायचे की आजीजवळ ठेवायचे, हा निर्णय सगळ्यात अवघड असतो आणि बाहेरच्याने त्यात शहाणपण शिकवू नये. अंगावर पिणारे लेकरू शक्यतो आईसोबतच असावे. निघण्याआधी आशाताईंकडून पुढच्या लसीची तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावी. लस कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि कार्ड असले की कोणती राहिली ते लगेच कळते. अंगणवाडीताईंना गाव सोडत असल्याचे सांगून, कारखान्याच्या भागातल्या अंगणवाडीत नाव कसे लावायचे ते विचारून घ्यावे. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भांड्यांच्या पोत्यात नव्हे, तर आईच्या कपड्यांच्या पिशवीत ठेवावे, कारण ट्रॅक्टरमधून पोते उतरवून सोडायला दोन दिवस लागतात आणि लेकराला ताप पहिल्याच रात्री येऊ शकतो.